युरोप सहल, ह्यांच्यासाठी घड्याळ आणि लेकीची ॲडमिशन: एकाच खात्यातले पैसे कसे वाटावेत?

(एका ऑनलाइन गटावरची चर्चा. प्रत्येक उताऱ्याच्या वर लिहिणाऱ्यानं घेतलेलं टोपणनाव आहे.)

मलप्रभा (ऑक्टोबर २०२५)

नमस्कार मंडळी. मी बेळगावची, अनगोळला राहते. पुढच्या मे महिन्यात आम्ही दोघं टूर कंपनीबरोबर युरोपला निघालोय. पॅरिस, तिथून स्वित्झर्लंड, मग इटली आणि रोमवरून परत. सहलीचे निम्मे पैसे भरून झाले, उरलेले जानेवारीत भरायचे आहेत आणि ते बाजूला काढलेले आहेत. म्हणजे जावं की न जावं हा प्रश्न नाही. प्रश्न खरेदीचा आहे.

आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं होतील. ह्यांचं उद्यमबागेत छोटं मशीन शॉप आहे. ऑर्डर असली की रात्रीचे दहा वाजतात, नसली की घरात शांतता असते. इतक्या वर्षांत स्वतःच्या हौसेसाठी ह्यांनी काही घेतलेलं मला आठवत नाही. म्हणून लूसर्नला त्यांना एक चांगलं स्विस घड्याळ घ्यायचं माझ्या मनात आहे, साधारण १,२०० फ्रँकपर्यंतचं. त्यांना सांगितलेलं नाही. इकडं लेकीनं मला गुपचूप सांगितलं की पप्पांच्या मनात तुला पॅरिसमध्ये पर्स घ्यायची आहे!

लेक बारावी सायन्सला आहे. सहलीवरून आलो की लगेच प्रवेशाची धावपळ. पुढच्या दिवाळीनंतर वरच्या मजल्याचा स्लॅब टाकायचा आहे. बँकेत साडेचार लाख आहेत आणि ते सगळ्यासाठीच आहेत. यातलं किती काढलं तर मनाला टोचणार नाही? तुमच्यापैकी कुणी असं काही निभावलं असेल तर सांगा. नुसतं ‘घ्या’ किंवा ‘नको’ नको, हिशेब कसा मांडलात ते हवंय.

दुसरं रेल्वे गेट

ताई, तुमच्या लिहिण्यातला ‘सगळ्यासाठी’ हा शब्दच मला धोक्याचा वाटतो. साडेचार लाख एका ठिकाणी दिसतात म्हणून घड्याळ परवडेल असं वाटतं. तेच पैसे आज तीन ठिकाणी ठेवून बघा: प्रवेशाचे वेगळ्या एफडीत, स्लॅबचे वेगळे, आणि सहलीच्या खरेदीचे वेगळ्या बचत खात्यात. तिसऱ्या खात्यात किती उरतात तो तुमचा आकडा.

प्रवेशाची एफडी जूनमध्ये मुदत संपेल अशीच करा. दोन वर्षांची करून ऐन वेळी मोडलीत तर व्याज कमी मिळतं.

निपाणीची अक्का

घड्याळाचं राहू दे, मला सांगा तुमची वाटपाची यादी किती घरांची आहे?

मी हे मनापासून विचारतेय. आमच्यात परदेशातनं कोण आलं की भावकी, माहेर, शेजार, दुकानातली माणसं, सगळ्यांच्या हातावर काहीतरी ठेवायला लागतंय. नणंदेला सेंट, जावेला स्कार्फ, पोरांना चॉकलेट, भाच्याला आयफेल टॉवरची किचेन. एकेक वस्तू पाच-दहा युरोची, म्हणून कोण मोजत नाही. घरी येऊन बिलं जोडली की कळतंय, मोठ्या वस्तूएवढे पैसे या बारक्यात गेले, आणि सहा महिन्यांनी त्यातली एकपण वस्तू कुणाच्या घरात दिसत नाही. हौसेच्या वस्तूला आपण महिनाभर विचार करतो, आणि मानपानाला पर्समधनं नोट काढून देतो.

मी काय करते ते सांगते. जायच्या आधी वहीत घरं लिहायची. प्रत्येक घराला एकच पाकीट, सगळ्यांना सारखं, म्हणजे कुणाला कमी-जास्त वाटत नाही. स्वित्झर्लंडमध्ये चॉकलेट डोंगरावरच्या दुकानात घेऊ नका. गावात मिग्रो नाहीतर कोऑप अशी सुपरमार्केट असतात, तिथंच घ्या, दरात पुष्कळ फरक पडतो. पण तुमचा मे महिना, आणि नंतर इटली. चॉकलेट बसमध्ये वितळतंय. ते घ्यायचंच असेल तर मोजकं.

आणि वजनाचं बघा. मुंबईहून सांबऱ्याला, म्हणजे बेळगावच्या विमानतळावर, वेगळ्या तिकिटावर विमानानं येणार असाल तर देशातल्या विमानात साधारण १५ किलोच सामान नेऊ देतात. युरोपातनं भरून आणलेल्या बॅगेला मुंबईत जादा पैसे मोजायला नकोत.

सांबरा

घड्याळाचा हिशेब मी मांडून देतो. कामानिमित्त जाणं-येणं असतं, त्यामुळं हे नियम माहितीचे आहेत. आकडे सोपे व्हावेत म्हणून फ्रँक ११० रुपये धरतो.

१,२०० फ्रँक म्हणजे १,३२,००० रुपये. क्रेडिट कार्ड वापरलंत तर बऱ्याच कार्डांवर परकीय चलनाचा आकार साडेतीन टक्क्यांपर्यंत असतो आणि त्या आकारावर १८ टक्के जीएसटी. म्हणजे साधारण ५,४५० रुपये. दुकानातलं मशीन विचारेल, रुपयात घेऊ की फ्रँकमध्ये? फ्रँकच निवडायचं. रुपये निवडले की त्यांचा वाढीव दर लागतो आणि तो बिलावर पटकन लक्षात येत नाही.

आता आपलं कस्टम्स. ऑक्टोबर २०२५मध्ये लागू असलेल्या २०१६च्या बॅगेज नियमांप्रमाणं युरोपातून विमानानं परतणाऱ्या भारतीयाला ५०,००० रुपयांपर्यंतच्या वस्तू करमुक्त. त्यापुढच्या रकमेवर ३८.५ टक्के. म्हणजे ८२,००० वर ३१,५७० रुपये. ‘नवऱ्याचे पन्नास आणि माझे पन्नास मिळून लाख’ असं चालत नाही. सवलत ज्याची त्याची असते, एका वस्तूसाठी दोघांची जोडता येत नाही. खोकं टाकून घड्याळ हातात घातलं म्हणून ते जुनं होत नाही, तेही जाहीर करायचं असतं.

एकूण झाले १,६९,०२०. यातून स्विस व्हॅटचा परतावा वजा होईल. तिथं व्हॅट ८.१ टक्के आहे, एका दुकानात ३०० फ्रँकच्या वर खरेदी असली तर प्रवासी परतावा मागू शकतो, पण मधल्या कंपनीचं सेवाशुल्क कापून उरलेलंच हातात येतं. आणि इथं तुमच्या सहलीची खरी अडचण आहे. परताव्याच्या फॉर्मवर कस्टम्सचा शिक्का स्वित्झर्लंड सोडताना हवा. स्वित्झर्लंड युरोपियन युनियनमध्ये नाही. तुमची बस तिथून इटलीत शिरणार. ती सीमेवर कस्टम्सच्या कचेरीपाशी थांबेल का, हे टूर कंपनीला आत्ताच विचारा. रोमच्या विमानतळावर स्विस फॉर्म दाखवून उपयोग नाही.

पॅरिसच्या पर्सचंही सांगून टाकतो. फ्रान्समध्ये व्हॅट २० टक्के, खरेदी १०० युरोच्या वर हवी. परतावा हातात साधारण १२ टक्क्यांच्या आसपास पडतो. वस्तू युरोपियन युनियनच्या बाहेर जाताना फॉर्म प्रमाणित करावा लागतो. तुमची बस पॅरिसहून स्वित्झर्लंडला जाते, म्हणजे हाही प्रश्न तिथंच येतो. पुढं कधी लंडनला गेलात तर तिथं दुकानातून घेऊन जाणाऱ्या पर्यटकांसाठीचा परतावा २०२१पासून बंद आहे.

नियम बदलत असतात. निघायच्या आठवड्यात कस्टम्सच्या संकेतस्थळावर मर्यादा पुन्हा बघून घ्या.

उद्यमबाग

वहिनी, मी पण त्याच लायनीतला. स्पष्ट बोलतो, राग मानू नका. आमच्या धंद्यात पार्टीचं पेमेंट नव्वद दिवसांवर गेलं की पगार घरच्या पैशातून जातात. साडेचार लाख ही तुमच्या घराची आणि शॉपची, दोन्हीची शिल्लक असेल तर त्यातून पावणेदोन लाखांचं घड्याळ काढणं मला पटत नाही. आधी घरखर्च आणि कामगारांचे पगार मिळून निदान तीन महिन्यांची तरतूद बाजूला असायला हवी. ती आहे का?

दादांना विचारलंत तर तेही हेच म्हणतील असं मला वाटतं. युरोप बघून आलात हीच मोठी गोष्ट आहे. फोटो आहेत, आठवणी आहेत.

खानापूर रोड

उद्यमबाग दादा, तुमचा पगाराचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण ‘फोटो आहेत’ हे मला मान्य नाही.

माझी आई आणि बाबा बऱ्याच वर्षांपूर्वी म्हैसूरला गेले होते. बाबांनी तिथं आईला म्हैसूर सिल्क घेतली, त्या वेळच्या त्यांच्या पगाराच्या मानानं फारच महाग. आजीला ते अजिबात आवडलं नव्हतं, घरात दोन दिवस धुसफूस चालली म्हणे. ती साडी आई माझ्या मुंजीत नेसली, ताईच्या लग्नात नेसली, मग ताई स्वतःच्या डोहाळजेवणाला नेसली. आजही ती नेसायला काढता येते. त्या सहलीचे फोटो मात्र कुठं आहेत कुणाला माहीत नाही. आई साडी काढली की म्हैसूरचं सगळं सांगते, वृंदावन बागेतली कारंजी, राजवाड्यावरचे दिवे, बाबांनी दुकानदाराशी तोडक्या कन्नडमध्ये केलेली घासाघीस.

टिकणारी, रोज किंवा सणासुदीला वापरात येणारी एक वस्तू आणि जाता-येता घेतलेल्या पन्नास वस्तू, हे मला एका खर्चात मोजायचे नाहीत. पंचवीस वर्षं मशीनवर हात काळे केलेल्या माणसाच्या मनगटावर एक चांगली वस्तू असावी असं बायकोला वाटतं. ते पूर्ण व्हावं यासाठी हिशेब करू या.

मलप्रभा

सांबरा दादा, खूप खूप आभार. १,३२,००० डोक्यात धरून बसले होते, १,६९,००० माझ्या गावीही नव्हतं. उद्यमबाग दादा, राग कसला, तीन महिन्यांच्या तरतुदीचं तुम्ही बरोबर विचारलंत. शॉपचं चालू खातं वेगळं आहे आणि पगाराची सोय त्यातच असते, ह्या साडेचारात नाही. पण घरखर्चाची वेगळी तरतूद नाही.

अक्का, यादी लिहायला बसले. सत्तावीस घरं झाली आणि माझं माहेर अजून लिहायचं आहे. बघूनच धडकी भरली.

वडगाव माग

अक्कांच्या मुद्द्यावर एक सुचवतो. वाटप परदेशातूनच आलं पाहिजे असं कुणी ठरवलं? आमच्या शहापूर-वडगावात साड्यांचे माग आहेत, गोव्या-कोल्हापूरची माणसं लग्नाचा बस्ता बांधायला इथं येतात. जवळच्या चार बायकांना इथलीच चांगली साडी द्या, सहलीहून आल्यावर जेवायला बोलावून द्या. बाकीच्यांना तिथला एकेक छोटा डबा पुरे.

आणि इटलीत मिलानला थांबणार असाल तर एवढं लक्षात असू द्या. जून २०२५मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडानं आपल्या कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या. आधी कुठून घेतल्या तेही सांगितलं नव्हतं, इकडून आरडाओरडा झाल्यावर मूळ भारतीय कारागिरीचं असल्याचं त्यांनी मान्य केलं. कोल्हापुरीला २०१९मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला तो महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून, आणि त्या चारात आपला बेळगाव जिल्हा आहे. अथणी-निपाणीकडचा कारागीर तेच काम करतो. तिथल्या काचेच्या शोरूममध्ये चामड्याची वस्तू बघून हात शिवशिवला तर आधी स्वतःला विचारा, पैसे कामाचे देतोय की नावाचे? स्विस घड्याळाचं तसं नाही, ते काम तिथलंच आहे. म्हणून माझं मत घड्याळाच्या बाजूनं आणि पर्सच्या विरुद्ध.

चिकोडी

बचतीची पद्धत कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. माझं दुकान आहे, मी पिग्मी (रोज थोडे थोडे पैसे भरायची ठेव) भरते. एजंट रोज संध्याकाळी येतो, त्यामुळं पैसे खर्च व्हायच्या आत जातात. ही पद्धत आपल्या कर्नाटकातलीच, उडुपीला सिंडिकेट बँकेनं १९२८ मध्ये सुरू केलेली. व्याज फार नसतं आणि मुदतीआधी काढली तर तेही कापतात. पण ज्याच्या हातात रोज रोकड येते त्याला याच्याइतकी सोपी शिस्त मला दुसरी माहीत नाही. मलप्रभाताई, ह्यांचं शॉप आहे म्हणजे आत्तापासून मेपर्यंत घड्याळाच्या नावानं पिग्मी लावता येईल. मग साडेचारातले कमी काढावे लागतील.

भिशी लावणार असाल तर ओळखीच्या बायकांची आणि लहान रकमेचीच. तिथं लेखी काही नसतं, मधेच कुणी थांबलं की बोलायची सोय राहत नाही.

आणखी एक, हे प्रवेशाच्या पैशाबद्दल. आपल्याकडं जास्त व्याज दिसलं की सोसायटीत ठेव ठेवतात. बँकेतली ठेव, सहकारी बँकेतलीसुद्धा, ५ लाखांपर्यंत विम्याखाली असते. क्रेडिट सोसायटी आणि पतसंस्थेतल्या ठेवीला तो विमा नाही. आमच्या नात्यात एकांची मुलीच्या लग्नाची ठेव अशीच एका सोसायटीत अडकली, मुहूर्त जवळ आला तरी पैसे सुटेनात, शेवटी दागिने गहाण ठेवले. पोरीच्या शिक्षणाचे पैसे अर्ध्या-एक टक्क्यासाठी तिकडं नेऊ नका.

हलशी

लेकीच्या प्रवेशाचं लिहितो, कारण आमच्या घरात हे नुकतंच होऊन गेलं.

सीमाभागातली मराठी मुलं दोन्हीकडं प्रयत्न करतात. इकडं कर्नाटकाची प्रवेश परीक्षा केसीईटी, तिकडं महाराष्ट्राची सीईटी. महाराष्ट्राच्या प्रवेशात वादग्रस्त सीमाभागातल्या, मातृभाषा मराठी असलेल्या उमेदवारांसाठी वेगळा प्रकार आहे. त्यासाठीचे दाखले आत्ताच जमवायला घ्या. मेमध्ये तुम्ही दोघंही परदेशात असाल आणि पोरगी एकटी तलाठी कचेरीच्या फेऱ्या मारत बसेल, असं होऊ देऊ नका.

पैशाचं म्हणाल तर पहिल्या वर्षाची फी हा एकच आकडा डोक्यात ठेवू नका. दोन्हीकडचे फॉर्म, समुपदेशनाची (प्रवेश फेऱ्यांची) फी, एका ठिकाणी जागा पक्की करायला भरलेले पैसे, मग दुसरीकडं वरची फेरी लागली म्हणून तिकडं भरायचे. पहिले परत मिळायला वेळ लागतो, त्यामुळं काही आठवडे दोन्हीकडचे पैसे अडकलेले असतात. वर वसतिगृहाची अनामत, मेस, लॅपटॉप. हे सगळं महिन्या-दीड महिन्यात येतं. तुम्ही जो आकडा धरला असेल त्याच्या वर निदान एक लाख मोकळे हवेत, असं मी अनुभवावरून सांगेन. लागले नाहीत तर स्लॅबला आहेतच.

दुसरं रेल्वे गेट

हलशीकरांच्या मुद्द्याला जोडून. सहलीच्या पॅकेजवर टूर कंपनीनं टीसीएस (पैसे भरतानाच आगाऊ घेतलेला प्राप्तिकर) घेतला असेल, २०२५-२६ या वर्षासाठी १० लाखांपर्यंत ५ टक्के. तो खर्चात धरून विसरू नका, विवरणपत्र भरताना करात वळता होतो किंवा परत मिळतो. जानेवारीचा हप्ता ज्याच्या पॅनवर भराल त्याच्याच विवरणपत्रात तो दिसेल, तेव्हा कुणाच्या नावानं भरायचं ते सीएला विचारून घ्या. जुलैत विवरणपत्र लवकर भरलंत तर परतावा प्रवेशाच्या गर्दीतच हाताशी येऊ शकतो.

खानापूर रोड

ताई, एक विचारू? तेच घड्याळ भारतातल्या अधिकृत विक्रेत्याकडं कितीला आहे ते बघितलंत का? कस्टम्स आणि कार्डाचा आकार धरल्यावर फरक उरतो का ते कळेल. हप्त्याची सोय, इथलं बिल, दुरुस्तीला मुंबई-पुण्यापर्यंतच जायचं.

मलप्रभा

आज दुपारी हेच केलं. दोन-तीन मॉडेल बघितली. सगळं धरून तिथलं इथल्यापेक्षा स्वस्त पडत नाही, एक तर जवळपास तेवढ्यालाच आहे. तरी मला ते लूसर्नलाच घ्यायचं आहे, तळ्याकाठच्या दुकानात, ह्यांना शेजारी उभं करून. पण मग ते १,२०० फ्रँकचं नको. सांबरा दादांचा हिशेब उलटा करून बसले: ५०,००० च्या आत बसेल असं घ्यायचं, म्हणजे ४५० फ्रँकपर्यंत. कस्टम्स शून्य. त्या किमतीत चांगली स्विस बनावटीची घड्याळं आहेत, लेकीनं नेटवर दाखवली.

आता मांडणी अशी. अडीच लाख प्रवेशाची एफडी, जूनमध्ये संपणारी, बँकेतच. दीड लाख घरखर्चाची तरतूद. उरलेले पन्नास हजार स्लॅबचे, त्यात पिग्मी आणि जूननंतर प्रवेशातून उरतील ते घालत जायचे. स्लॅब दिवाळीनंतर नाही झाला तर पुढच्या उन्हाळ्यात होईल, ह्यांच्याशी बोलले, त्यांना पटलं. घड्याळाचे पैसे साडेचारातून एक रुपया नाही. माझ्या शिकवण्यांचे नोव्हेंबर ते एप्रिलचे वेगळे ठेवतेय, त्यात ते बसतं आणि वाटपाचंही बसतं. वाटपाची घरं सत्तावीसची चौदा केली. सासूबाईंना विचारूनच केली, त्यांनीच पाच नावं काढली.

पर्सबद्दल मात्र ह्यांना काय सांगू ते कळेना. त्यांनी मनात धरलंय आणि मला माहीत नाही असं त्यांना वाटतंय. एवढं मोठं नको, हे दुखवल्याशिवाय कसं सांगायचं?

निपाणीची अक्का

लेकीलाच मध्ये घाला की. तिनं तुम्हाला सांगितलं, तीच पप्पांना सांगेल. ‘मम्मीला पर्स नको, तुमच्याबरोबर पॅरिसला एक दिवस ग्रुप सोडून निवांत फिरायचं आणि चांगल्या ठिकाणी जेवायचं आहे.’ टूरमध्ये मोकळी दुपार असतेच. माणसाला काहीतरी द्यायचं असतंय, नको म्हटलं की वाईट वाटतंय. दुसरं काय पाहिजे ते सांगितलं की आनंदानं देतंय.

मलप्रभा

अक्का, हे सुचलंच नव्हतं मला. आज रात्रीच लेकीशी बोलते.

सांबरा दादा, शेवटचं विचारते. माझ्या हातात पाटल्या आहेत, लग्नातल्या, त्या मी कधी काढत नाही. परत येताना कस्टम्सवाले तिथं घेतल्या म्हणून विचारतील का?

सांबरा

जुन्या आहेत हे दिसतंच, सहसा कुणी अडवत नाही. पण जड असतील तर जाताना मुंबई विमानतळावर कस्टम्सकडून निर्यात प्रमाणपत्र घेता येतं. दागिना दाखवायचा, ते वर्णन आणि वजन नोंदवून देतात, परत येताना तो कागद दाखवला की प्रश्न मिटतो. सराफाची पावती किंवा वजनाचा दाखला आणि पाटल्या घातलेला जुना फोटो बरोबर ठेवा. विमानतळावर नेहमीपेक्षा तासभर आधी पोचा. महागडा कॅमेरा नेणार असाल तर त्याचीही नोंद तिथंच करून घ्या.